गळ्यातला क्रॉस, अम्गऱ्याचं यार्ड

आमच्या मंडळात वक्त्याचा परिचय वक्ता स्वतःच लिहून देतो आणि मी तो वाचते. कुवेतमध्ये मराठी माणसं थोडीथोडकी नाहीत, पण कार्यक्रमाला येणारी तीच ती, आणि बोलणारीही त्यांच्यातलीच. ज्याचा परिचय करून द्यायचा तो सगळ्यांना आधीच माहीत असतो. तरी परिचय लागतोच. शिक्षण, हुद्दा, पुरस्कार, छंद, या क्रमाने. वक्ता खाली मान घालून ऐकतो, जणू हे सगळं कोणीतरी परस्पर शोधून काढलंय. परिचयात कोणी खोटं लिहीत नाही, पण गाळतात सगळेच. एका डॉक्टरांनी आपलं पहिलं हॉस्पिटल गाळलं होतं, एका बँकवाल्याने मधली काही वर्षं. मी विचारत नाही. कार्यक्रमाची सचिव म्हणून मला अर्ध्या पानात बसणारा मजकूर वेळेवर हवा असतो, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात वक्ता होता माझा नवरा. विषय होता दुसऱ्या महायुद्धातला एक जर्मन लष्करी अधिकारी, त्याची कारकीर्द आणि त्याला मिळालेली पदकं.

नवरा इथल्या एका बांधकाम साहित्याच्या कंपनीत वित्तप्रमुख होता. 'होता' असं मी लिहिते, तो स्वतः 'आहे' म्हणतो. मालकांचा पुतण्या परदेशातून शिकून आला आणि त्याला केबिन लागली. नवऱ्याला काढून टाकलं नाही. प्रदीर्घ सेवेबद्दल जाड काचेची एक ट्रॉफी दिली, फोटो काढला, आणि पुढच्याच महिन्यात 'सल्लागार' करून अम्गऱ्याच्या यार्डात पाठवलं. अम्गरा म्हणजे भंगाराचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ट्रकांची रांग. तिथे एका कंटेनरला खिडकी कापून ऑफिस केलंय. सल्ला कोणी विचारत नाही. बाहेर पडणाऱ्या सळयांच्या गाडीच्या पासवर सही करायची, की पुढची गाडी.

घरी त्याने हे मला सांगितलं, बाहेर कोणालाच नाही. कोणी विचारलं तर "सध्या ऑपरेशन्सही बघतोय" म्हणायचा. अर्थात सगळ्यांना ठाऊक होतं. कुवेतमध्ये इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं तरी चार घरांत कळतं, केबिन गेलेली कशी लपणार? पण तोंडावर कोणी काढलं नाही, आणि त्यानेही काढू दिलं नाही.

जर्मन अधिकारी घरात शिरला तो याच काळात. युद्धाची पुस्तकं तो कॉलेजपासून वाचायचा, पण अम्गऱ्याच्या रिकाम्या दुपारी त्याला एकच माणूस पुरला. जेवताना म्हणायचा, "आज मेजर झाला."

"कोण?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. मला वाटलं ऑफिसातलं कोणी.

पुढे विचारावं लागलं नाही. पोळी वाढता वाढता मला त्याची सगळी कारकीर्द पाठ झाली. पहिलं महायुद्ध हरलेल्या देशाच्या लहानशा सैन्यात तो कोवळ्या वयात लागला. वर्षानुवर्षं बढती नाही. मग नवी राजवट, नवं सैन्य, आणि एकदम जिना चढावा तसे हुद्दे. पोलंडमध्ये दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस, फ्रान्समध्ये पहिल्या श्रेणीचा. रशियात जखमी झाल्याचं पदक. नंतर गळ्यात घालायचा तो मोठा क्रॉस, ज्याला नवरा नुसतं 'गळ्यातला' म्हणायचा. शेवटी ग्रीसच्या डोंगरातल्या एका मोहिमेसाठी त्या क्रॉसवर लावायची ओकची पानं. युद्धानंतर खटला, शिक्षा, ती पुरी होण्याआधीच सुटका, आठवणींचं पुस्तक, आणि म्हातारपणी आपल्याच घरात, आपल्याच बिछान्यात मरण.

"बघ ना," नवरा म्हणायचा, "कोणत्या दिवशी काय केलं, कशासाठी काय मिळालं, सगळं लिहिलेलं आहे. माणसाने काम केलं की तिथे त्याची नोंद व्हायची."

मी वरणाचं पातेलं पुढे सरकवायची. नोंद कोणाची राहिली होती ते मला कळत होतं.

मुलगी शिकायला बाहेर असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, ही वॉज अ नाझी!"

"अगं, पक्षात नव्हता तो. सैन्यात होता."

"सेम थिंग, बाबा."

"सेम कसं असेल? तुमचं सगळंच सेम!"

मग वफ्ऱ्याच्या फार्मवर मंडळाची सहल झाली. काकड्यांची हरितगृहं बघून झाल्यावर खजुरीच्या सावलीत नवऱ्याने चौघांना जर्मनाची गोष्ट सांगितली, आणि चौघांचे चौदा झाले. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन. "वहिनी, जानेवारीचा वक्ता गळाला. साहेबांना विचारा ना. ते जर्मनाचं काय फर्मास सांगत होते! शिस्त, नेतृत्व... आपल्या तरुण पोरांना पाहिजेच आहे."

मी विचारलं. तो लगेच हो म्हणाला नाही. बेसिनशी गेला, दाढी केली, आणि तोंड पुसत येऊन म्हणाला, "प्रोजेक्टर असेल ना?" सुट्टीच्या दिवशी सकाळी दाढी केलेला नवरा मी कित्येक महिन्यांनी पाहत होते. त्या दिवसापासून तो अम्गऱ्याहून आला की आंघोळ करून लॅपटॉप उघडायचा. फ्रीजसमोर उभं राहून सुरुवातीची वाक्यं म्हणायचा. जुना ब्लेझर त्याने शिंप्याकडून आवळून आणला. हा कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता. त्याला किती हवा होता माहीत नाही, मला फार हवा होता. कारण कार्यक्रमानंतर पुन्हा तो कंटेनर होताच, आणि तिथे जाणारा माणूस कसा जाणार हे त्या एका संध्याकाळवर अवलंबून होतं.

मी कामाला लागले. हॉल, माइक, वडे, बॅनर. सन्मानचिन्हासाठी हवल्लीतल्या ट्रॉफीच्या दुकानात गेले. केरळी दुकानदाराने कपाटातून जे काढलं ते बघून मी थबकले. तीच जाड काच, तोच लाटेसारखा वरचा काठ. आमच्या खिडकीत आहे तीच. "मॅडम, ये सबसे ज्यादा चलता है," तो म्हणाला. "कंपनी, स्कूल, फुटबॉल, सबको यही. सिर्फ नीचे का प्लेट बदलता है." मी दुसरी मागितली. दुसरी चांगली नव्हती. तीच घेतली.

जाहिरातीचं पत्रक मी क्लिनिकमध्ये छापलं. हवल्लीतच एका पॉलिक्लिनिकमध्ये मी डॉक्टरांच्या वेळा आणि स्टाफच्या ड्यूट्या बघते. तिथला रंगीत प्रिंटर उपकार केल्यासारखा चालतो, म्हणून मी त्याच्यापाशी उभी होते. दातांची डॉक्टर कॉफी घ्यायला आली. ती ग्रीक, माझ्याच वयाची, सरळ तोंडावर बोलणारी. माझ्याइतक्याच काटेकोरपणे वेळ पाळते म्हणून आमचं जमतं. पत्रकावर त्या अधिकाऱ्याचा गणवेशातला फोटो होता आणि नाव इंग्रजीतही होतं. तिने ट्रेमधलं पत्रक उचललं.

"हा इथे काय करतोय?"

"ओळखतेस?"

"आमच्या गावात ह्याला सगळे ओळखतात."

मग तिने सांगितलं. एक्स-रे बघून सांगते तसं, आवाज न चढवता. गाव डोंगरात. याचं सैन्य आलं. बंडखोरांना जेवण दिलं म्हणून पुरुषांना शाळेमागे उभं केलं, मग घरं पेटवली, घरांत बायका-मुलं होती. तिची आजी बकऱ्या घेऊन वरच्या कुरणात गेली होती, तिने धूर पाहिला. "आजी वर होती म्हणून माझी आई जन्मली, आणि म्हणून मी इथे तुझ्या पेशंटांचे दात काढते आहे. हुकमावर सही ह्याची होती. त्या मोहिमेबद्दल त्याला पदक मिळालं. तुझा नवरा सांगणार ना हे?"

"पदकाचं सांगणार आहे," मी म्हटलं. कारण ती स्लाइड मला माहीत होती.

तिने पत्रक परत ट्रेमध्ये ठेवलं, फोटो खाली करून.

काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हटलं, "ये ना तू कार्यक्रमाला."

"तुमची भाषा मला येत नाही," ती म्हणाली. "टाळ्या कधी वाजतात तेवढंच कळेल."

घरी आले तेव्हा नवरा डायनिंग टेबलवर पदकं मांडत होता. खरी नव्हेत, मागवलेल्या नकला. हळदीकुंकवाला मी अत्तरदाणी ठेवते ते मखमली तबक त्याने त्यासाठी काढलं होतं.

मी पर्स ठेवली आणि विचारलं, "त्या ग्रीसच्या मोहिमेत गावं जाळली होती. माणसांसकट. तुला माहीत होतं?"

"हो."

मी 'नाही' ची तयारी करून आले होते. त्याला कसं सांगायचं, व्याख्यानात कुठे बसवायचं, हे सगळं रस्त्यात ठरवलं होतं.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे माहीत आहे. पुस्तकांत आहे. खटल्यातही आलं होतं." तो मऊ फडक्याने क्रॉस पुसत होता.

"मग स्लाइडवर का नाही?"

"स्लाइडवर काय लिहिलंय? कारकीर्द आणि सन्मान. कारकिर्दीत मोहीम येते. गाव येत नाही."

"आमच्या क्लिनिकमधल्या दातांच्या डॉक्टरचं गाव आहे ते. तिची आजी वाचली म्हणून ती आहे."

त्याने फडकं घडी करून ठेवलं. "मला वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि वाटत असावंही. "पण समोर माणसं सुट्टीच्या दिवशी वडे खायला येणार आहेत. त्यांना जळालेली घरं दाखवू?"

"दाखवू नकोस. एक ओळ घाल."

"एक ओळ घातली ना, की तेवढीच राहते. मागची सगळी वर्षं पुसली जातात." त्याने क्रॉस तबकात ठेवला, सरळ केला. "लोकांना तीच एक ओळ हवी असते."

मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे केला. त्याचा परिचय. शिक्षण, हुद्दा, पुरस्कार, छंद. हुद्द्यासमोर 'वित्तप्रमुख'. पुरस्कारांत काचेची ट्रॉफी. अम्गरा कुठेच नव्हतं. मी लॅपटॉप उघडला आणि टाइप केलं. शुद्धलेखनाची एक चूक होती, ती सुधारली.

शुक्रवारी संध्याकाळी साल्मियातल्या एका हॉटेलचा वरचा हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. दाराशी पदकांच्या तबकाभोवती गर्दी. अध्यक्षांनी 'गळ्यातला' उचलून स्वतःच्या गळ्याशी धरला. "काढा रे फोटो! मंडळासाठी केलेल्या पराक्रमाबद्दल!"

"अध्यक्ष, त्यासाठी आधी लढाई करावी लागते," कोणीतरी म्हणालं.

"अहो, दरवर्षी हॉल बुक करून दाखवा, मग कळेल लढाई."

हशा झाला. मी माइककडे निघाले तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोघांचं बोलणं कानावर आलं.

"आता ऐक, वित्तप्रमुख म्हणून वाचतील."

"वित्तप्रमुख कसले, भंगारप्रमुख!"

मी माइक हातात घेतला आणि वाचलं. एका प्रथितयश कंपनीचे वित्तप्रमुख. आवाज जरा मोठाच लागला. नवरा खाली मान घालून ऐकत होता, सगळे ऐकतात तसा. ते दोघे टाळ्या वाजवत होते.

तो बोलला छान. हे मी कबूल करते, कारण खरं आहे. कागद न बघता बोलला, विनोद जागेवर पडले, वेळ पाळली. बढतीविना गेलेल्या वर्षांबद्दल बोलताना हॉल अगदी शांत होता. असा नवरा मी लग्नाच्या पहिल्या वर्षांत पाहिला होता. ग्रीसची स्लाइड आली. डोंगराचा नकाशा, बाण, ओकच्या पानांचा फोटो. "दुर्गम डोंगराळ भागातली यशस्वी मोहीम," तो म्हणाला, आणि त्या दिवशीच्या सर्वांत मोठ्या टाळ्या तिथे वाजल्या. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढची स्लाइड लावली.

मग प्रश्न. पदकं खऱ्या चांदीची असायची का? अशी शिस्त आपल्याकडे कधी येणार? एका गृहस्थांनी विचारलं, "त्याला पेन्शन मिळाली का हो?"

"मिळाली."

"बघा! याला म्हणतात सरकार!" पुन्हा टाळ्या. पेन्शन हा आमच्यातल्या सगळ्यांचाच हळवा विषय आहे.

शाल, श्रीफळ, काचेची लाट. आणि शेवटी आभारप्रदर्शन, तेही माझंच काम. हॉलवाले, माइकवाला, बॅनर, वडे करणाऱ्या तीन घरच्या वहिनी. एकाचंही नाव सुटलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही, म्हणून आभाराची यादी मी कार्यक्रमापेक्षा काळजीने करते. ती वाचून झाली. कागद घडी करता करता मी म्हटलं, "एक उल्लेख राहिला. ज्या मोहिमेसाठी ओकची पानं मिळाली, तिच्यात डोंगरातलं एक गाव माणसांसकट जाळलं होतं. हुकमावर सही या अधिकाऱ्याची होती. त्या गावातली एक मुलगी बकऱ्या घेऊन वर गेली होती म्हणून वाचली. तिची नात माझ्याबरोबर काम करते."

खुर्च्यांचे आवाज थांबले. कोणाचं तरी लहान मूल "आई, वडा" म्हणालं. अध्यक्ष अर्धे उठले होते. "हो, युद्ध म्हटलं की वाईटच, वहिनी," ते हसून म्हणाले. "चला, वडे गार होतायत."

मी माइक खाली ठेवला. आभारप्रदर्शन संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात. वाजल्या.

वडे खाताना कोणी त्याबद्दल बोललं नाही. नवऱ्याभोवती घोळका होता, पण पहिल्यापेक्षा पातळ. दोन-तीन बायका मला म्हणाल्या, "छान झालं हो." काय छान झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीत तबक माझ्या मांडीवर होतं, ट्रॉफी मागच्या सीटवर. आम्ही पाचव्या रिंगरोडला लागलो. मग सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "त्याचं गाळलेलं सांगितलंस."

"हो."

"माझं का नाही सांगितलंस?"

"तुझं काय?"

"अम्गरा. परिचय तूच टाइप केलास. माइक तुझ्याच हातात होता. तिथे एक ओळ का नाही घातलीस?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. "तू काही गाव जाळलं नाहीस. आणि तू माझा नवरा आहेस."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"त्यालाही बायको होती," तो म्हणाला. "त्याच्या आठवणींचं पुस्तक तिनेच टाइप केलं. त्यातही गाव नाही."

घरी आल्यावर त्याने पदकं डब्यात भरली. नवी ट्रॉफी खिडकीत जुनीच्या शेजारी ठेवली. आता दोन लाटा दिसतात, आणि खालच्या पट्ट्या वाचल्याशिवाय कोणती कशाची ते कळत नाही. मी तबकाची मखमल ब्रशने साफ केली, संक्रांतीचं हळदीकुंकू यायचं होतं. इथला आठवडा रविवारी सुरू होतो; रविवारी तो नेहमीच्या वेळेला अम्गऱ्याला गेला. दाढी न करता.

क्लिनिकमध्ये ग्रीक डॉक्टर हातमोजे चढवत होती. "कसं झालं?"

"वेळेत संपलं."

"टाळ्या?"

"वाजल्या."

तिने मान हलवली. मी तिचा पहिला पेशंट आत पाठवला.